कोणाच्या हाती काय द्यायचं: माइनक्राफ्ट सर्व्हरवर गट आणि परवानग्या लावण्याची पद्धत

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सर्व्हरवर नऊ जण खेळत होते. सर्व्हर अडखळायला लागला, म्हणून एका मित्राने जमिनीवर पडलेल्या वस्तू साफ करायला कमांड मारली. त्याला फक्त पडलेल्या वस्तू उडवायच्या होत्या. पण चौकटी कंसातला भाग लिहायचा राहिला आणि गेलं ते नुसतं "/किल @ई". याचा अर्थ होतो: लोड झालेल्या जगात जे जे काही जिवंत किंवा ठेवलेलं आहे ते सगळं संपव. गावकरी गेले, पाळलेली कुत्री गेली, घोडे गेले, भिंतीवरच्या चौकटी गेल्या आणि आम्ही नऊच्या नऊ जण जागच्या जागी मेलो. शेवटचा बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा होता.

त्या मित्राच्या मनात वाईट काहीच नव्हतं. चूक माझी होती. एकदा कोणीतरी खाणीत अडकलं म्हणून मी त्याला ऑप केलं, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार दिले, मग दुसऱ्याने मागितलं, तिसऱ्याला नाही म्हणवेना, आणि आठवड्याभरात सगळेच ऑप झाले. घरातला किल्ल्यांचा अख्खा जुडगा प्रत्येकाच्या हातात दिला होता मी.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: अधिकार माणसाला द्यायचा नाही, गटाला द्यायचा, आणि माणसाला त्या गटात बसवायचं. खाली जे लिहितोय ते याच नियमावर उभं आहे. हे माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीबद्दल आहे, पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर आणि परवानग्या वाटणारं लकपर्म्स हे प्लगिन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) धरून.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड इथे वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, आणि इथे जो शब्द जोडून लिहिलाय तो तिथेही जोडूनच लिहा. स्पेलिंगची चिंता नको: "/एलपी" लिहून स्पेस दिली आणि टॅब दाबलं की पुढे काय येऊ शकतं ते सर्व्हर स्वतः सुचवतो. खेळात कमांडच्या आधी तिरकी रेघ लागते, सर्व्हरच्या कन्सोलमध्ये (सर्व्हर चालतो तिथली कमांड लिहायची खिडकी) लागत नाही. "अमुक" लिहिलंय तिथे खेळाडूचं नाव टाका.

ऑप म्हणजे नक्की काय

माइनक्राफ्टमध्ये मुळात अधिकारांची एकच शिडी आहे आणि तिला चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस स्पॉनच्या (खेळाडू जिथे पहिल्यांदा उतरतात त्या जागेच्या) राखीव भागात बांधकाम करू शकतो. दुसऱ्या पायरीवर गेममोड, गिव्ह, टीपी, किल या कमांड येतात. तिसरीवर किक, बॅन आणि दुसऱ्याला ऑप करणं. चौथीवर थेट सर्व्हर बंद करता येतो. तुम्ही "/ऑप अमुक" करता तेव्हा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जी पायरी लिहिली असेल ती त्याला मिळते, आणि कोणी हात लावला नसेल तर तिथे चौथी पायरी लिहिलेली असते. म्हणजे ज्याला फक्त खाणीतून बाहेर काढायचं होतं त्याला तुम्ही सर्व्हर बंद करण्याचा, बाकीच्यांना हाकलण्याचा आणि आणखी दहा जणांना ऑप करण्याचा हक्क देऊन बसता.

शिडीची दुसरी अडचण अशी की तिच्यात मधलं काही नाही. एखाद्याला म्यूट करता यावं पण गेममोड बदलता येऊ नये, असं शिडीत बसत नाही. त्यासाठी परमिशन नोड लागतात.

नोड म्हणजे टिंबांनी जोडलेलं एक नाव. "एसेन्शियल्स.होम" हा नोड ज्याच्याकडे आहे त्याला घरी जायची कमांड चालते. "एसेन्शियल्स.सेटहोम" असेल तर घर ठरवता येतं. "माइनक्राफ्ट.कमांड.गेममोड" असेल तर मूळ खेळातली गेममोडची कमांड चालते. डावीकडचा शब्द बहुतेक वेळा प्लगिनचं नाव असतो, उजवीकडे जाल तसं काम नेमकं होत जातं. प्रत्येक कमांडच्या वेळी प्लगिन विचारतं, "या खेळाडूकडे हा नोड आहे का?" उत्तरं तीन असू शकतात: ट्रू, फॉल्स, किंवा ठरवलेलंच नाही. तिसरं उत्तर आलं तर प्लगिन आपल्या मनाप्रमाणे ठरवतं; काही कमांड सगळ्यांना देतं, काही फक्त ऑपला. नवीन लोक फॉल्स आणि "ठरवलेलं नाही" यांत गल्लत करतात. फॉल्स हा स्पष्ट नकार आहे, वरून आलेल्या होकारालाही तो अडवतो. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत, तिच्यावर फॉल्स लावत बसायची गरज नाही.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली: सर्व्हर प्लगिन घेणारा हवा. मोजांगच्या साइटवरून उतरवलेला साधा सर्व्हर प्लगिन घेत नाही. पेपर घेतो. अॅटर्नॉससारख्या फुकटच्या होस्टिंगवर असाल तर तिथे सॉफ्टवेअर म्हणून पेपर निवडा आणि प्लगिनच्या यादीतून लकपर्म्स टाका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: सर्व्हर प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये ऑनलाइन मोड ट्रू आहे ना? तो फॉल्स असेल तर खेळाडू खरोखर त्याच खात्याचा आहे की नाही हे सर्व्हर तपासत नाही. कोणीही तुमचं नाव लिहून आत येतो आणि सर्व्हर त्याला तुम्हीच समजतो, तुमच्या ॲडमिनच्या अधिकारांसकट. लकपर्म्स खेळाडूला यूयूआयडीने (खात्याच्या ओळख-क्रमांकाने) ओळखतं खरं, पण ऑफलाइन मोडमध्ये तो यूयूआयडीसुद्धा नावावरूनच तयार होतो. दाराला कुलूपच नसेल तर आतल्या कपाटांच्या किल्ल्या मोजण्यात अर्थ नाही. मित्रांकडे विकत घेतलेलं खातं नाही म्हणून ऑनलाइन मोड बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी निदान लॉगिनचा पासवर्ड मागणारं प्लगिन तरी लावावं, आणि ॲडमिनचं खेळातलं नाव चारचौघांत सांगू नये.

पहिली पायरी: लकपर्म्स बसवा आणि स्वतःला आत घ्या

प्लगिनची जार फाइल "प्लगिन्स" फोल्डरमध्ये ठेवा आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. "/रीलोड" वापरू नका. त्याने प्लगिन अर्धवट उठतात आणि मग दोष कशाचा तेच कळत नाही. चालू झाल्यावर सर्व्हरमध्ये एकदा तुमच्या खात्याने शिरा, म्हणजे लकपर्म्सला तुमचं नाव आणि यूयूआयडी माहीत होईल. मग कन्सोलमध्ये:

एलपी क्रिएटग्रुप ॲडमिन
एलपी ग्रुप ॲडमिन परमिशन सेट लकपर्म्स.* ट्रू
एलपी युजर अमुक पेरेंट ॲड ॲडमिन

पुष्कळ ठिकाणी तुम्हाला लकपर्म्सचा हा नोड थेट स्वतःच्या नावावर लावायला सांगतात. चालतं तेही. पण पहिल्याच कमांडपासून गटाची सवय लागलेली बरी. उद्या तुम्ही सर्व्हर दुसऱ्याकडे सोपवलात तर त्याला ॲडमिन गटात टाकलं की काम झालं, तुमच्या नावामागे काय काय चिकटलंय ते शोधावं लागत नाही.

मित्र फोनवरून खेळत असतील आणि तुम्ही गीझर व फ्लडगेट ही प्लगिनं लावून त्यांना आत घेत असाल, तर त्यांच्या नावाच्या सुरुवातीला टिंब लागलेलं असतं. कमांडमध्ये नाव लिहिताना ते टिंबही लिहावं लागतं. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

दुसरी पायरी: संगणकाला हात लावण्याआधी कागद घ्या

वहीच्या पानावर आधी कामं लिहा, गटांची नावं नंतर. आमच्याकडे निघालेली यादी साधी होती. नवा आलेला माणूस फिरू शकेल, बोलू शकेल, स्पॉनला परत येऊ शकेल. ओळखीचा झाला की त्याला घर ठरवता येईल, मित्राकडे टेलिपोर्ट मागता येईल. दोघं असे असतील की कोणी शिव्या देत असेल तर त्याला गप्प करतील, बाहेर काढतील, आणि कोणी कोणाचं घर फोडलं ते तपासतील. आणि एक जण सेटिंग बदलेल.

एवढ्यातून चार गट निघतात: डिफॉल्ट, मेंबर, मॉड, ॲडमिन. दहा-वीस जणांच्या सर्व्हरला यापेक्षा जास्त गट लागत नाहीत. हेल्पर, सीनियर हेल्पर, ज्युनियर मॉड, हेड मॉड अशी उतरंड बघायला छान वाटते, पण दोन गटांच्या परवानग्यांत फरकच नसेल तर तो गट नव्हे, नुसती पदवी आहे. पदवी द्यायची तर नावाआधी दिसणारा शब्द बदलता येतो, त्याबद्दल पुढे येईल.

डिफॉल्ट हा गट लकपर्म्स स्वतः बनवतं आणि तो काढता येत नाही. ज्याला दुसरा कुठलाच गट दिलेला नाही तो आपोआप इथे येतो. म्हणून डिफॉल्टला काही देताना एवढंच विचारा: आत्ता या क्षणी कोणी अनोळखी माणूस शिरला, तर त्याच्या हातात हे असलेलं चालेल का?

तिसरी पायरी: गट बनवा आणि एकमेकांना जोडा

/एलपी क्रिएटग्रुप मेंबर
/एलपी क्रिएटग्रुप मॉड
/एलपी ग्रुप मेंबर पेरेंट ॲड डिफॉल्ट
/एलपी ग्रुप मॉड पेरेंट ॲड मेंबर
/एलपी ग्रुप ॲडमिन पेरेंट ॲड मॉड

पेरेंट म्हणजे वारसा. मेंबरला डिफॉल्टचं सगळं मिळतं, मॉडला मेंबरचं, ॲडमिनला मॉडचं. त्यामुळे घरी जायची परवानगी एकदाच, मेंबरला द्यायची. वरच्या दोघांना ती आपोआप येते. हीच परवानगी मॉडलाही वेगळी देऊन ठेवलीत तर काही बिघडत नाही, पण चार महिन्यांनी ती मेंबरकडून काढाल आणि मॉडकडे का राहिली म्हणून शोधत बसाल.

मग प्रत्येक गटाला वजन द्या:

/एलपी ग्रुप मेंबर सेटवेट १०
/एलपी ग्रुप मॉड सेटवेट ५०
/एलपी ग्रुप ॲडमिन सेटवेट १००

एकच खेळाडू दोन गटांत असेल आणि दोघांचं म्हणणं वेगळं असेल, तर जड गटाचं चालतं. मधे मोकळे आकडे सोडलेत ते मुद्दाम, पुढे एखादा गट मधे घुसवायचा झाला तर जागा असावी.

आता माणसं बसवा. इथे दोन कमांड आहेत आणि त्यांतला फरक डोक्यात पक्का ठेवा. "पेरेंट ॲड" जुन्या गटांत भर घालते. "पेरेंट सेट" आधीचे सगळे गट पुसून फक्त एकच ठेवते. बढतीसाठी सेट वापरा:

/एलपी युजर अमुक पेरेंट सेट मॉड

ॲड वापरून बढती देत गेलात तर माणूस तिन्ही गटांत राहतो. मॉडपद काढताना तुम्ही एकच गट काढता, बाकीचे तसेच राहतात, आणि कोणाकडे नक्की काय आहे याचा हिशोब सुटतो.

चौथी पायरी: परवानग्या भरा, पण एडिटरमधून

कमांडने एकेक नोड लावता येतो, उदाहरणार्थ:

/एलपी ग्रुप मेंबर परमिशन सेट एसेन्शियल्स.होम ट्रू

पण सुरुवातीला शंभरेक नोड लावायचे तर "/एलपी एडिटर" मारा. चॅटमध्ये एक लिंक येते. ब्राउझरमध्ये उघडली की डावीकडे गट आणि खेळाडू, मधे त्यांचे नोड दिसतात. नोड टाइप करायला लागलात की सर्व्हरवर असलेल्या प्लगिनांचे नोड खाली सुचवले जातात, त्यामुळे स्पेलिंग चुकत नाही. सेव्ह केल्यावर एडिटर एक कमांड देतो, ती खेळात चिकटवली की बदल लागू होतात. नवीन आवृत्तीत त्या ब्राउझरवर एकदा विश्वास ठेवल्याचं सर्व्हरला सांगितलं की पुढचे बदल थेट जातात. ही लिंक कोणाला पाठवू नका, ग्रुपवर तर नकोच.

एसेन्शियल्सएक्स हे प्लगिन बहुतेकांकडे असतं, म्हणून त्याचीच उदाहरणं घेतो. डिफॉल्टला स्पॉन, लिस्ट, हेल्प आणि एमएसजी एवढं पुरे. मेंबरला होम, सेटहोम, टीपीए, टीपीॲक्सेप्ट, टीपीडिनाय (टेलिपोर्ट मागणं, मान्य करणं, नाकारणं) आणि बॅक (आधीच्या जागी परत जाणं). बॅकबद्दल लक्षात ठेवा: मेल्यावर मेलेल्या जागी परत जायचं असेल तर "एसेन्शियल्स.बॅक.ऑनडेथ" हा वेगळा नोड लागतो, नुसत्या बॅकने ते होत नाही. हा द्यायचा की नाही यावर आमच्याकडे वाद झाला. माझं मत न देण्याचं आहे; लाव्हात पडल्याची भीती गेली की खाणीत उतरण्यातली मजाही जाते.

मॉडला किक, म्यूट आणि टेम्पबॅन द्या. कायमचा बॅन ॲडमिनकडेच ठेवा. टेम्पबॅनने प्रसंग निभावतो आणि रागाच्या भरात झालेली चूक दोन दिवसांत आपोआप मिटते. सोबत कोअरप्रोटेक्ट या, कोणी काय फोडलं-ठेवलं याची नोंद ठेवणाऱ्या प्लगिनचे "कोअरप्रोटेक्ट.इन्स्पेक्ट" आणि "कोअरप्रोटेक्ट.लुकअप" द्या. "/सीओ इन्स्पेक्ट" चालू करून फुटलेल्या भिंतीच्या जागेवर क्लिक केलं की तो ठोकळा कोणी, किती वेळापूर्वी काढला ते दिसतं. भांडण तिथेच थांबतं, कारण मग "मी नाही केलं" ला जागा उरत नाही. रोलबॅक, म्हणजे झालेले बदल उलटवणं, मात्र मॉडला लगेच देऊ नका. वेळ किंवा अंतर चुकलं तर निर्दोष माणसाचं दिवसभराचं बांधकाम त्यात जातं.

नवीन लोकांचा एक मोठा गैरसमज इथेच दूर करतो. लकपर्म्स ठोकळे फोडण्यापासून कोणाला अडवत नाही. ते फक्त "हा नोड आहे का" या प्रश्नाचं उत्तर देतं. जमीन राखायची असेल तर वर्ल्डगार्ड किंवा ग्रीफप्रिव्हेन्शनसारखं प्लगिन वेगळं लावावं लागतं, आणि त्या प्लगिनांचे नोड मग लकपर्म्समधून वाटायचे.

जे कोणालाच देऊ नये

तीन गोष्टी अशा आहेत की दिसायला छोट्या आणि परिणामाने ऑपइतक्याच.

एक म्हणजे लकपर्म्सचे स्वतःचे नोड. मॉडला नव्या लोकांना मेंबर करता यावं म्हणून कोणी त्याला गट बदलण्याची परवानगी देतं. त्याच परवानगीने तो स्वतःला ॲडमिन करू शकतो. मेंबर करण्याचं काम ॲडमिनकडेच ठेवा. छोट्या सर्व्हरवर ते दिवसाला दोन मिनिटांचंही नसतं.

दुसरी, "एसेन्शियल्स.सुडो". या कमांडने दुसऱ्या खेळाडूच्या तोंडून कमांड वदवता येते. ॲडमिन ऑनलाइन असताना मॉडने त्याच्याकडून हवी ती कमांड चालवून घेतली तर तुमच्या सगळ्या गटांना अर्थ उरत नाही.

आणि तिसरा तो तारा, म्हणजे नुसतं "*". ॲडमिनला सगळं हवं, म्हणून एका फटक्यात तारा लावायचा मोह होतो. पण काही नोड हे सोय नसून वागणूक बदलणारे असतात. तारा लावला की "एसेन्शियल्स.कीपइन्व्ह" पण मिळतो, म्हणजे तुम्ही मेलात तरी तुमच्या वस्तू पडत नाहीत. "एसेन्शियल्स.स्लीपिंगइग्नोर्ड" पण मिळतो, म्हणजे रात्र ढकलायला सगळे झोपले तरी सर्व्हर तुम्हाला मोजतच नाही. मी तारा लावून पंधरा दिवस खेळलो. एकदा लाव्हात पडून परतलो तो हिऱ्याची तलवार हातातच, आणि शेजारी उभ्या मित्राची सगळी पेटी त्याच लाव्हात गेलेली. त्याने काही म्हटलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या रात्री तारा काढला आणि ॲडमिन गटात हवे ते नोड एकेक करून भरले. ज्या सर्व्हरवर तुम्ही स्वतः खेळता, तिथे हे करायलाच हवं.

पाचवी पायरी: ऑप काढा

गट बसले, परवानग्या भरल्या, आता "/डीऑप" करून सगळ्यांचा ऑप काढा, स्वतःचाही. तुम्ही ऑप असताना तुमच्यासाठी जवळपास सगळंच चालतं, त्यामुळे गट बरोबर लागलेत की नाही ते कधीच कळत नाही. पुन्हा कोणी करूच नये असं वाटत असेल तर लकपर्म्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये "इनेबल-ऑप्स" फॉल्स करा, मग ऑप ही गोष्टच बंद होते.

मात्र याचा एक परिणाम ठाऊक असू द्या. स्पॉनभोवतीचं माइनक्राफ्टचं स्वतःचं संरक्षण, जे मुळात १६ ठोकळ्यांचं असतं, ते सर्व्हरवर एकही ऑप नसला तर चालतच नाही. आम्ही ऑप काढले आणि दुसऱ्याच दिवशी स्पॉनचं कारंजं कोणीतरी खणून नेलं. आधी वर्ल्डगार्डने स्पॉनचा भाग राखून घ्या, मग ऑप काढा.

सहावी पायरी: जिथे अडेल तिथे व्हर्बोस

हे शिकलात तर बाकीचं स्वतःचं स्वतः जमतं. एका मैत्रिणीने सांगितलं, "मला दुसरं घर ठेवता येत नाही, एकापेक्षा जास्त नाही म्हणतं." मेंबर गटात सेटहोम ट्रू होतं. मग कन्सोलमध्ये हे चालवलं:

एलपी व्हर्बोस ऑन अमुक

याने त्या एका खेळाडूबद्दल सर्व्हरमध्ये होणारी प्रत्येक विचारणा समोर दिसायला लागते: नाव, नोड आणि उत्तर. तिला म्हटलं, आता दुसरं घर ठेवायची कमांड मार. तिने मारताच ओळी सरकल्या. "एसेन्शियल्स.सेटहोम", उत्तर ट्रू. त्याच्याखाली "एसेन्शियल्स.सेटहोम.मल्टिपल", उत्तर ठरवलेलं नाही. एवढंच होतं. एसेन्शियल्सएक्समध्ये एकापेक्षा जास्त घरांसाठी हा वेगळा नोड लागतो. तो दिला की मर्यादा त्याच्या कॉन्फिगमधल्या आकड्यावर जाते, जो मुळात ३ असतो. तिथेच व्हीआयपीसाठी ५ आणि स्टाफसाठी १० असे आकडेही असतात, आणि "एसेन्शियल्स.सेटहोम.मल्टिपल.व्हीआयपी" दिला की ५ लागू होतो. मल्टिपल मेंबरला दिला, तिचं दुसरं घर डोंगरावर झालं.

काम झाल्यावर "एलपी व्हर्बोस ऑफ" करायला विसरू नका, नाहीतर कन्सोल ओळींनी भरून जातो. एका खेळाडूकडे एखादा नोड कुठून आला हे बघायचं असेल तर:

/एलपी युजर अमुक परमिशन चेक एसेन्शियल्स.होम

उत्तर काय आहे, आणि ते कुठल्या गटातून वारशाने आलं, दोन्ही दिसतं.

जागेपुरती आणि वेळेपुरती परवानगी

कधी परवानगी एकाच जगात हवी किंवा नको असते. आमच्याकडे नेदरमध्ये गॅस्टचा गोळा लागला की लोक "/होम" करून पळायचे. नेदरला अर्थ राहीना. म्हणून:

/एलपी ग्रुप मेंबर परमिशन सेट एसेन्शियल्स.होम फॉल्स वर्ल्ड=वर्ल्ड_नेदर

शेवटच्या तुकड्याला कॉन्टेक्स्ट म्हणतात. परवानगी कुठे लागू ते तो सांगतो. बाकी जगांत होम चालतंच, कारण तिथला ट्रू तसाच आहे. जगाचं नाव तेच लिहायचं जे सर्व्हरच्या फोल्डरमध्ये आहे. ही कमांड लावल्यावर पहिल्या आठवड्यात खूप आरडाओरडा झाला. दुसऱ्या आठवड्यात लोकांनी पोर्टलभोवती दगडी खोली बांधली, तिसऱ्यात तिथून गढीपर्यंत झाकलेला रस्ता.

आणि वेळेपुरती. गणपतीला मी दहा दिवस गावी जातो, तिथे रेंज धड नसते. तेव्हा एका मेंबरला मॉड करून जातो:

/एलपी युजर अमुक पेरेंट ॲडटेम्प मॉड १०डी

दहा दिवसांनी तो आपोआप मेंबरवर येतो. परत आल्यावर पद काढून घेण्याचा अवघड क्षण येत नाही, कारण किती दिवसांचं ते दोघांनाही आधीपासून माहीत असतं. "डी" दिवसांसाठी, "एच" तासांसाठी. इथे सेट न वापरता ॲडच वापरायचं, म्हणजे खालचा मेंबर गट शाबूत राहतो.

नावाआधीचा शब्द

चॅटमध्ये नावाआधी लाल रंगात "मॉड" दिसावं असं सगळ्यांना वाटतं. त्यासाठी:

/एलपी ग्रुप मॉड मेटा सेटप्रिफिक्स ५० "&सी[मॉड] "

"&सी" म्हणजे लाल रंग. अवतरण चिन्हांच्या आत शेवटी स्पेस सोडा, नाहीतर शब्द नावाला चिकटतो. एवढं करूनही चॅटमध्ये काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. लकपर्म्स ही माहिती फक्त साठवतं. ती दाखवायला चॅटचं प्लगिन लागतं, उदाहरणार्थ एसेन्शियल्सएक्स चॅट, आणि दोघांमधला दुवा म्हणून वॉल्ट.

रँक पैशाने विकायचा विचार कोणाच्या मनात येत असेल तर आधी मोजांगचे नियम वाचा. खेळात दुसऱ्यावर वरचढ ठरवणाऱ्या गोष्टी विकण्याबद्दल त्यांनी २०१४ मध्येच स्पष्ट भूमिका घेतली. नावाचा रंग ही एक गोष्ट, पैसे देणाऱ्याला हिऱ्यांचं चिलखत ही अगदी वेगळी. माझ्या मते मित्रांच्या सर्व्हरवर दोन्ही नकोत.

शेवटी, जपून ठेवा

"/एलपी लॉग रीसेंट" मारलं की अलीकडे कोणी कोणाच्या परवानग्या बदलल्या ते दिसतं. महिन्यातून एकदा बघा. त्याच वेळी मॉड आणि ॲडमिन गटात कोण कोण आहे तेही बघा:

/एलपी ग्रुप मॉड लिस्टमेंबर्स

जो तीन महिने आलाच नाही त्याला मेंबर करा आणि तसं त्याला कळवा. त्याचं खातं दुसऱ्या कोणाच्या हाती लागलं तर सर्व्हरला धोका होतो, आणि तो परत आला तर पद परत द्यायला एक कमांड लागते.

मग एक्सपोर्ट:

/एलपी एक्सपोर्ट दिवाळी

प्लगिन्सच्या आत लकपर्म्सच्या फोल्डरमध्ये त्या नावाची दाबलेली फाइल तयार होते. सगळे गट, सगळे खेळाडू, सगळे नोड त्या एका फाइलमध्ये असतात. नव्या सर्व्हरवर "/एलपी इम्पोर्ट" केलं की सगळं जसंच्या तसं परत येतं. फाइल सर्व्हरवरच सोडू नका, आपल्या संगणकावर उतरवून घ्या. मी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवतो, जगाच्या बॅकअपच्या शेजारी, आणि तो बॅकअप आता रोज रात्री होतो.